दमानं फुंकायचं असतं

गेल्या वर्षी श्रावणात आईला घेऊन मी पुण्यातल्या एका तपासणी केंद्रात गेले होते. जिन्याच्या दहा पायऱ्या चढल्या की ती कठड्याला धरून उभी राहायची आणि आपण थांबलो आहोत हे कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून खाली आवारात काहीतरी पाहत असल्यासारखे करायची, हे मला फार उशिरा उमगले होते. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी फुफ्फुसांची क्षमता मोजून आणायला सांगितले. एका लहानशा वातानुकूलित खोलीत तिला खुर्चीवर बसवले, नाकाला चिमटा लावला, पुठ्ठ्याची जाड नळी ओठांत धरायला दिली, आणि समोरची पंचविशीतली मुलगी म्हणाली, "आजी, पूर्ण श्वास घ्या आणि एकदम जोरात फुंका. थांबायचं नाही. अजून, अजून, अजून!" आईने पदर सावरला, नळीला दोन्ही हात लावले, डोळे किंचित मिटले आणि फुंकले. सावकाश, एकसारखी, लांबवर जाणारी फुंकर. पडद्यावरची रेघ सुळक्यासारखी वर चढायला हवी होती. ती शेताच्या बांधाएवढी उचलली आणि तशीच पसरत गेली. पुन्हा केले, पुन्हा तेच. चौथ्या वेळी त्या मुलीचा आवाज चढला, "जोर लावा आजी, जोर!" आईच्या ओठांची कड निळसर दिसू लागली होती. तिने नळी तोंडातून काढली, नाकाचा चिमटा स्वतःच सोडला आणि त्या मुलीला समजावणीच्या सुरात म्हणाली, "आगं पोरी, असं जोरानं फुकलं तर राख उडून डोळ्यात जाती. दमानं फुकायचं असतं."

त्या मुलीला काही कळले नाही. कळण्याचे कारणही नव्हते. तिच्या आईने कदाचित चूल पेटवलीच नसेल. दुसऱ्या दिवशी अहवाल आला. त्यात आकड्यांचे तक्ते होते, बुटकी रेघ होती, आणि खाली एका ओळीत शेरा होता की रुग्णाचा प्रयत्न अपुरा असल्यामुळे निष्कर्ष काढता येत नाही.

प्रयत्न अपुरा.

ती ओळ माझ्या मनातून जाईना. जिचा पन्नासहून अधिक वर्षांत एकही दिवस फुंकर घातल्यावाचून उजाडला नाही, तिच्या नावापुढे फुंकण्याचा प्रयत्न अपुरा असे छापून आले होते. आणि तरीही यंत्राच्या दृष्टीने ते खरेच होते. त्या यंत्राला तिची सवय, तिचा हात, तिने आयुष्यभर जपलेली राख यांतले काहीच दिसत नव्हते. त्याला फक्त पहिल्या एका सेकंदात किती हवा बाहेर पडते तेवढेच मोजायचे होते. शेरा लिहिणाऱ्याचाही राग धरावा असे मला वाटले नाही. पण तो कागद मी फाइलमध्ये लावला आणि मग आम्ही सगळ्यांनीच तो विषय बाजूला पडू दिला, पुढच्या डॉक्टरांकडे जायचे राहून गेले, आणि गौरी, दसरा, दिवाळी अशी एकामागून एक कारणे सापडत गेली. त्या हलगर्जीपणात माझा वाटा सर्वांत मोठा आहे, हे मी इथे लिहून ठेवते.

'दमानं' हा तिचा शब्द मात्र मी त्या दिवसापासून घोळवत राहिले. आपल्या भाषेने या एका दमाकडून किती कामे करून घेतली आहेत! आपण दम घेतो, दम खातो, दम धरतो, दुसऱ्याला दम भरतो. उतावळ्याला एवढाही दम निघत नाही, आणि शहाणा माणूस सगळे काही दमाने घेतो. धीर, ताकद, जरब आणि श्वास या सगळ्यांना मिळून आपल्याकडे एकच शब्द आहे, आणि तो संपतो तेव्हा माणूस दमतो. याच घरातला दमा हा शब्द. आमच्या गावात पुरुषाला धाप लागली तर त्याला दुखणे आहे असे मानले जाई, बाईला धाप लागली तर ती दमली असे म्हणत. दमलेल्या बाईला डॉक्टरकडे कोण नेणार? तिला फार तर घटकाभर बस म्हणत.

आमचे गाव पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात. तिथला पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला स्वयंपाकघरात चार महिने काय चालत असेल हे सांगावे लागणार नाही. मृग लागायच्या आत सरपण वळचणीखाली रचून ठेवायचे, शेणी आत घ्यायच्या, खिडक्यांना झडपा आणि गोणपाटे लावायची, आणि तरीही आषाढात लाकडाला ओल धरायचीच. ओले लाकूड जळत नाही, धुमसते. त्याच्या टोकाला फेस येतो, चुरचुर आवाज होतो आणि पिवळट, जड धूर चुलीच्या तोंडातून बाहेर पडून आधी जमिनीलगत रेंगाळतो आणि मग वर चढून कौलांच्या फटीतून वाट शोधू लागतो. बाहेर पावसाची भिंत असते, त्यामुळे त्याला वाट मिळत नाही. आम्ही मुले खाली मान घालून जमिनीजवळ जेवायचो, कारण वीतभर वर धुराचा थर असायचा आणि उभे राहिले की डोळे चुरचुरायचे. आई मात्र त्या थरातच असायची. भाकरी थापताना, वैलावरची आमटी ढवळताना, भानवशीवरचे भांडे उचलताना तिचा चेहरा त्या धुरात जायचा आणि यायचा, आणि आम्हाला त्यात काही वावगे वाटत नसे, कारण सगळ्यांच्या आया धुरातच दिसायच्या.

फुंकणी हातभर लांबीची होती, लोखंडी, एका टोकाला किंचित दबलेली. तिची एक रीत होती. आधी आई मान चुलीपासून वळवून श्वास घ्यायची, मग फुंकणी ओठांना लावायची आणि निखाऱ्यांवर अशी अलगद फुंकर सोडायची की राखेचा कणही उडू नये, पण राखेखालचा इंगळ लाल व्हावा. एक, दोन, तीन. आणि मग लाकडाखालून भप्पकन जाळ उठायचा, त्या उजेडात तिच्या कपाळावरचे कुंकू क्षणभर दिसायचे. मी लहानपणी एकदा हौसेने फुंकणी घेतली आणि गाल फुगवून जोरात फुंकले, तेव्हा सगळी राख माझ्या तोंडावर आली होती. तिने पदराने माझे डोळे पुसले होते. तो पदर धुराने भिजलेला असायचा. मला आईचा म्हणून जो वास आठवतो तो मुळात धुराचाच आहे. पहाटे अंथरुणात असताना माजघरापलीकडून ती लांब, मऊ 'फू' ऐकू यायची, पाठोपाठ धुराची पहिली रेघ नाकाशी यायची, आणि आता घर जागे झाले, आपण अजून थोडे झोपायला हरकत नाही, असे वाटून मी गोधडी डोक्यावरून ओढून घ्यायचे. त्या धुराइतका निर्धास्त करणारा वास मला पुढच्या आयुष्यात कुठेही मिळाला नाही. श्वास घ्यायला ती मान वळवायची हे मला तेव्हाही दिसायचे, पण वळवून ती मान जाणार कुठे, घरभर तर धूरच होता, हा विचार मात्र माझ्या मनात पन्नाशी उलटेपर्यंत आला नाही.

खोकला तिला होताच. सकाळी परसात जाऊन ती खोकायची, बेडका थुंकायची, तोंड धुवायची आणि कामाला लागायची. हिवाळ्यात दोन-तीन महिने तो खोकला मुक्कामालाच यायचा. गावातल्या दवाखान्यात थुंकी तपासून झाली, क्षय नाही असे निघाले, आणि क्षय नाही म्हणजे काहीच नाही, असा सगळ्यांनी अर्थ लावला. मशेरीमुळे असेल, असे कुणी म्हणाले. आई मशेरी लावत नव्हती, पण शेजारघरी तवा तापवून तंबाखू भाजायला घेतली की त्याचा ठसका आमच्या ओसरीपर्यंत यायचा. घरात काळजी वडिलांच्या छातीची व्हायची, कारण ते बिडी ओढायचे आणि बिडी ही दिसणारी गोष्ट होती. ते अंगणात बसून ओढत, धूर वाऱ्यावर जाई, आणि 'बिडी सोडा, छाती जाईल' असे आई त्यांना चुलीपुढून सांगत असे.

मग वडील गेले, २०१२ साली ती पुण्याला माझ्याकडे राहायला आली, आणि आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात तिचा धुराशी संबंध कायमचा तुटला. पहिली काही वर्षे बरी गेली. पुढे बोलता बोलता वाक्य मध्येच तोडून ती श्वास घेऊ लागली, देवळापर्यंतचा रस्ता लांब वाटू लागला, डोक्यावरून पाणी घेताना धाप लागते म्हणून बसून अंघोळ सुरू झाली. आम्ही म्हणायचो की वय झाले. तीही म्हणायची, "आता वय झालं, दम लागायचाच." म्हातारपण ही अशी पेटी आहे की तिच्यात कुठलेही दुखणे टाकून झाकण लावता येते. वय वाढले की श्वास थोडा कमी होतो हे खरे आहे, पण सपाट रस्त्यावर आपल्या वयाच्या माणसाबरोबर चालता येऊ नये इतका तो नुसत्या वयामुळे कमी होत नाही, हे आम्हाला कुणी तरी आधी सांगायला हवे होते. किंवा आम्ही विचारायला हवे होते.

जानेवारीत एका रात्री ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याखाली काहीतरी शोधू लागली. काय हवे आहे असे विचारले तर म्हणाली की जळण भिजतंय, आत घ्यायचंय. मला वाटले, झोपेत आहे. सकाळी ती जेवायला नको म्हणाली, माझ्या मुलीला माझ्या मावशीच्या नावाने हाक मारली, आणि खोकला तर नेहमीपेक्षा कमीच होता. अंगात ताप नव्हता. करोनाच्या काळात घेतलेले बोटाला लावायचे ते छोटे यंत्र कपाटात पडून होते. ते लावले तर ८१ आकडा आला. मला वाटले, यंत्राचे सेल गेले असतील. स्वतःच्या बोटाला लावून पाहिले, ९८ आला.

रुग्णालयात कळले की तिला न्यूमोनिया झाला आहे. ताप नाही, कापरे नाही, छातीत कळ नाही, आणि न्यूमोनिया कसा? तिथल्या छातीच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितले की उतारवयात हे असेच येते. शरीराला ताप चढवण्याचेही बळ राहत नाही, खोकून कफ बाहेर टाकण्याची ताकद कमी झालेली असते, बरगड्यांचा पिंजरा ताठरलेला असतो, आणि मेंदूला प्राणवायू कमी पडला की म्हातारे माणूस नुसते गोंधळते, जेवण टाकते, पडून राहते. आणि घरचे लोक त्याला म्हातारचळ म्हणतात. मी मान खाली घातली. पहिल्या रात्री परिचारिकेने प्राणवायूचा पुरवठा थोडा कमी केला तेव्हा मी तिच्याशी भांडायला उठले होते, आकडा ९६ वरून खाली येत होता आणि मला तो डोळ्यांदेखत होणारा अन्याय वाटत होता. डॉक्टरीणबाईंनी समजावले की ज्यांच्या छातीचा आजार जुना आहे त्यांना प्राणवायूदेखील बेताने द्यावा लागतो, ८८ ते ९२ एवढाच ठेवायचा, नाहीतर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून माणूस गुंगीत जातो. तेही दमानेच घ्यायचे होते तर.

तिसऱ्या दिवशी आई जरा सावरल्यावर डॉक्टरीणबाई खाटेपाशी स्टूल ओढून बसल्या. विडी-सिगारेट ओढता का, हा प्रश्न आईला याआधी दोघा-तिघांनी विचारला होता आणि दर वेळी तिला तो शिवी दिल्यासारखा लागला होता. यांनी तो विचारला नाही. यांनी विचारले, "आजी, चूल किती वर्षं केलीत?" आई एकदम बोलती झाली. माहेरी नऊ वर्षांची असताना तिची आई आजारी पडली म्हणून चूल हातात आली, सतराव्या वर्षी लग्न, सासरी अकरा माणसे, दोन वेळच्या भाकऱ्या, शिवाय अंघोळीचे पाणी, शिवाय जनावरांचे आंबोण. डॉक्टरीणबाई कागदाच्या कोपऱ्यावर लिहीत होत्या. नऊ ते बासष्ट म्हणजे त्रेपन्न वर्षे, रोजचे साधारण पाच तास, गुणाकार दोनशे पासष्ट. सिगारेट ओढणाऱ्याच्या बाबतीत रोजची पाकिटे गुणिले वर्षे असा हिशेब मांडतात, तसा हा चुलीपुढच्या तासांचा. एवढ्या वर्षांत आईच्या कामाचे तास कुणी तरी पहिल्यांदाच मोजले होते, आणि ते छातीच्या डॉक्टरांनी मोजले होते.

"पण चूल सुटून तर तेरा वर्षं झाली की," आई म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी तिला कळेल असे उत्तर दिले. फुफ्फुसे पंचविशीपर्यंत भरत जातात, मग प्रत्येकाचीच दर वर्षी थोडी थोडी उतरत जातात, कणगीतून रोज पायलीभर धान्य काढावे तशी. कणगी भरलेली असेल तर ते धान्य शेवटपर्यंत पुरते. तुमच्या कणगीला धुराने खालून भोक पाडले होते, तरुणपणी ते कळले नाही कारण वर धान्य दिसत होते. आता तळ दिसू लागला. भोक बुजवले तरी सांडलेले परत येत नाही, पण उरलेले जपता येते. आईला हे पटले. माझ्या मनात मात्र त्यांनी मला पुढे सांगितलेली एक गोष्ट राहिली: आपल्या छातीत तीस-चाळीस कोटी वायुकोश असतात आणि ते उलगडून अंथरले तर सत्तर चौरस मीटर जागा भरेल. आमचे गावचे आख्खे घर सारवायला काढले तरी तेवढे भरत नसेल. त्या घराचे वासे आणि आढे काजळीने काळेभोर झाले होते आणि त्या काजळीमुळे लाकडाला वाळवी लागत नाही, असे आम्ही कौतुकाने सांगायचो.

पुढच्या दिवसांत, आई झोपलेली असताना, मी मिळेल ते वाचत बसले. १९५९ साली डॉ. एस. पद्मावती आणि त्यांचे सहकारी डॉ. पाठक यांनी दिल्लीतल्या १२७ रुग्णांचा अभ्यास 'सर्क्युलेशन' या नियतकालिकात प्रसिद्ध केला होता. जुनाट फुफ्फुसविकाराने हृदयाची उजवी बाजू थकलेले हे रुग्ण. त्यात धूम्रपान फारसे न करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण पुरुषांच्या बरोबरीचे का, याचा शोध घेताना त्यांचे लक्ष घरातल्या चुलीकडे गेले. डॉ. पद्मावती भारतातल्या पहिल्या स्त्री हृदयरोगतज्ज्ञ. वयाच्या १०३ व्या वर्षी, २०२० च्या ऑगस्टमध्ये त्या करोनाने गेल्या. १९५९ साली माझी आई नऊ वर्षांची होती. तिने फुंकणी हातात घेतली तेच ते वर्ष. म्हणजे दिल्लीत कुणाच्या तरी हे ध्यानात येत होते तेव्हा पाटणच्या पावसात एक मुलगी मान वळवून पहिला श्वास घ्यायला शिकत होती, आणि त्या दोन गोष्टी एकमेकींना भेटायला सहा दशकांहून अधिक काळ गेला. पुण्यातल्या डॉ. संदीप साळवी यांनी २००९ साली धूम्रपान न करणाऱ्यांना होणाऱ्या सीओपीडीवर, म्हणजे श्वासनळ्या अरुंद करणाऱ्या जुनाट फुफ्फुसविकारावर, 'लॅन्सेट'मध्ये सविस्तर लिहिले. गरीब घरांत गॅस पोचवणारी उज्ज्वला योजना २०१६ साली आली. घरातल्या धुराने जगभरात वर्षाला बत्तीस लाख माणसे दगावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० सालचा अंदाज आहे. हा आकडा मी दोनदा वाचला आणि मिटवून ठेवला. मला त्या क्षणी एकाच माणसाची चिंता करता येत होती.

पण गॅसची गोष्ट निघालीच आहे तर मला एक सांगितले पाहिजे. आमच्या घरी गॅस १९९६ साली आला होता. शेगडी ओट्यावर बसली, तिच्यावर चहा होऊ लागला, पाहुण्यांसाठी पोहे होऊ लागले. भाकरी मात्र चुलीवरच राहिली, कारण गॅसवरची भाकरी वडिलांना रुचत नसे. आणि मलाही. मी पुण्याहून सुट्टीला गेले की पहिल्याच संध्याकाळी म्हणायचे, "आई, चुलीवरची भाकरी कर गं." ती हसायची, पदर खोचायची आणि फुंकणी घ्यायची. दर दिवाळीत, दर मे महिन्यात, सोळा वर्षे. तव्यावरून काढून निखाऱ्यांपुढे उभी केलेली ती भाकरी टम्म फुगायची, तिच्या पापुद्र्याला जागोजागी काळे डाग पडायचे, आणि तो करपट गोड वास आजही माझ्या तोंडाला पाणी आणतो. मला हे नाकारता येत नाही. मी ती चव खोटी म्हणू शकत नाही, आणि ती चव कुणाच्या छातीतून आली होती हेही आता विसरू शकत नाही. सातारा रस्त्यावरून जाताना 'चुलीवरचं जेवण' असे फलक दिसतात. एका ठिकाणी आम्ही थांबलो होतो; दर्शनी बाजूलाच, गिऱ्हाइकांना दिसेल अशी, तीन चुली मांडून तीन बाया भाकऱ्या करत होत्या. त्यातली एक साठीची असेल. तिने मान वळवली, श्वास घेतला आणि फुंकले. मी जेवले नाही असे नाही. जेवले. पण निघताना तिच्याजवळ जाऊन "खोकला येतो का हो मावशी?" असे विचारले, तेव्हा ती म्हणाली, "येतोय की. वय झालं आता."

आई घरी आली ती औषधांची पिशवी घेऊन. त्यात कॅप्सूल घालून ओढायचा पंप होता. पंप म्हणजे शेवटचा उपाय, एकदा लागला की सुटत नाही, असे शेजारच्या काकूंनी तिच्या मनात भरवलेले होते. ते काढायला आठवडा गेला. पुढचा आठवडा आणखी अवघड होता. कॅप्सूल घालून पंप तोंडाला लावला की ती फुंकायची. पांढरी भुकटी बाहेर उडायची. "आई, फुंकायचं नाही, आत ओढायचं," मी सांगायचे. ती मान डोलवायची, पंप ओठांना लावायची आणि पुन्हा फुंकायची. नळी ओठांना लागली की काय करायचे हे तिच्या शरीराने नवव्या वर्षीच ठरवून टाकले होते. एकदा ती फार हताश झाली आणि म्हणाली, "आजवर बाहेर सोडाया लावलं, आता आत घ्याया सांगताय. कसं जमायचं?" मला उत्तर सुचले नाही. शेवटी डॉक्टरीणबाईंनी तो पंप बदलून, प्लास्टिकच्या फुग्यासारख्या नळकांड्यातून नेहमीसारखा श्वास घेत औषध घ्यायचा दुसरा दिला, आणि ते जमले. पाठोपाठ चूळ भरायची, तेही जमले. फ्लूची आणि न्यूमोनियाची लस देऊन झाली. दीड महिन्याने फुंकण्याची चाचणी पुन्हा केली. या वेळच्या तंत्रज्ञबाईंना मी राखेची गोष्ट आधीच सांगून ठेवली होती. त्या आईला म्हणाल्या, "आजी, ही चूल नाही. हिच्यात राख नाही. पाहिजे तेवढं जोरात फुंका." आईने फुंकले. रेघ पूर्वीपेक्षा उंच गेली, निष्कर्ष काढण्याएवढी. सीओपीडी, तीव्र स्वरूपाचा. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा तिच्या वयाला आणि उंचीला असायला हवी त्याच्या निम्म्याहून कमी.

त्यानंतर आठवड्यातून दोन दिवस एक फिजिओथेरपिस्ट मुलगा घरी येऊ लागला. हात वर करणे, खुर्चीतून उठणे-बसणे, गॅलरीतून स्वयंपाकघरापर्यंतच्या फेऱ्या मोजणे, असे सगळे. तिसऱ्या दिवशी त्याने एक मेणबत्ती आणली, पेटवून टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "आजी, हे जरा अवघड आहे, आठ-दहा दिवस लागतील. नाकाने श्वास घ्यायचा, ओठांचा चंबू करायचा आणि इतकं हळू सोडायचं की ज्योत हलली पाहिजे, पण विझायला नको. श्वासनळ्या मिटत नाहीत त्यामुळे, अडकलेली हवा बाहेर पडते." आई खुर्चीत पुढे सरकली. सवयीने तिने मान किंचित वळवून श्वास घेतला, मग ज्योतीकडे तोंड केले आणि सोडला. ज्योत वाकली, लांब झाली, तशीच वाकलेली राहिली. फुंकर संपली तेव्हा सरळ झाली. त्याने घड्याळ पाहिले होते. त्याने पुन्हा करायला सांगितले, तिने पुन्हा केले. "कुठे शिकलात?" त्याने विचारले. आई माझ्याकडे पाहू लागली, जणू त्याने काय विचारले ते मीच तिला समजावून सांगावे.

आता पहाटे कधी तरी तिला धाप लागून जाग येते. पूर्वी अशा वेळी ती घाबरून मला हाक मारायची; आता मारत नाही. उठून बसते, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकते आणि शिकवल्याप्रमाणे श्वास सोडू लागते. परवा मला अर्धवट जाग आली तेव्हा पलीकडच्या खोलीतून ती लांब, मऊ 'फू' ऐकू येत होती. बाहेर पाऊस लागला होता. मी पांघरूण डोक्यावरून ओढून घेतले आणि धुराच्या वासाची वाट पाहत पडून राहिले. बराच वेळ तो आला नाही, तेव्हा मला पूर्ण जाग आली आणि मी उठून तिच्या खोलीत गेले.